ई-टाइप कापणाऱ्यांची बाजू मला का पटत नाही

"गाडी माझी आहे, पैसे मी मोजलेत, तिचं काय करायचं ते मी बघेन." जुन्या स्पोर्ट्स कारवर ग्राइंडर चालवणाऱ्याला कुणी हटकलं की हे वाक्य येतंच, आणि ते आलं की समोरचा गप्प बसतो. दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूत आपण कशाला नाक खुपसावं, असं त्याला वाटतं. मला ते खुपसायचं आहे. कायद्यानं गाडी त्याची आहे हे मान्य करूनही माझं म्हणणं असं की, जॅग्वार ई-टाइपसारख्या गाडीचा मूळ सांगाडा कापणं हे वाईट काम आहे. ते करणाऱ्याचं कौतुक होऊ नये. आणि त्याच्या समर्थनासाठी जे मुद्दे हमखास पुढे केले जातात, त्यातला एकही नीट तपासला तर टिकत नाही.

ई-टाइपच का घेतली? कारण जुन्या गाडीचे जेवढे म्हणून हाल करता येतात तेवढे सगळे तिच्या वाट्याला आले आहेत. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन उपसून तिथं शेव्हरोलेचं अमेरिकन व्ही-8 बसवलं गेलं. रुंद टायर मावावेत म्हणून मडगार्डं कापून त्यांना फुगवटे जोडले गेले. कूपेचं टप कापून तिची उघडी रोडस्टर केली गेली, कारण बाजारात रोडस्टरला भाव जास्त. 1968 नंतरच्या गाड्यांना आधीच्या गाड्यांसारखी काचेआडची हेडलाइट लावून त्यांचं खरं वय झाकलं गेलं. आणि आता इंजिन, गिअरबॉक्स, पेट्रोलची टाकी सगळं बाहेर काढून बॅटऱ्या भरणं सुरू झालं आहे.

यात नेमकं काय कापलं जातं ते आधी बघू, कारण समर्थन करणारे बहुतेक जण त्या तपशिलात शिरतच नाहीत. ई-टाइपला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तिचा मधला भाग म्हणजे पातळ पोलादी पत्र्याची एकसंध पेटी. दोन्ही दारांखालचे पोकळ सिल, मधला बोगदा, पुढची आडभिंत आणि मागची आडभिंत हे सगळं मिळून गाडीचा भार पेलतं. पुढच्या आडभिंतीला चौकोनी नळ्यांचा सांगाडा बोल्टनं आवळलेला असतो. इंजिन त्या नळ्यांच्या कुशीत बसतं आणि त्यावर पुढच्या बाजूला उलटणारं ते लांबलचक बॉनेट. ही रचना जॅग्वारच्याच डी-टाइप या शर्यतीच्या गाडीतून आली. डी-टाइपनं 1955, 1956 आणि 1957 अशी सलग तीन वर्षं ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली होती. दोन्ही गाड्यांचा आकार माल्कम सेयरचा. विमानाच्या कारखान्यातून, ब्रिस्टल एअरोप्लेन कंपनीतून, हा माणूस जॅग्वारमध्ये आला. गाडीचे वक्र त्यानं लॉगॅरिदमची कोष्टकं आणि स्लाइड रूल घेऊन आकडेमोडीनं काढले. मागच्या चाकावरून शेपटीकडे उतरत जाणारी ती रेषा हवेचा हिशेब करून आलेली आहे. त्या रेषेवर कुणी चार इंचांचा फुगवटा वेल्ड करतो तेव्हा तो सेयरच्या हिशेबात हात घालतो, आणि हे करताना स्वतः कसलाही हिशेब केलेला नसतो.

इंजिनाचंही तसंच आहे. "इंजिन काय, बोल्टवर बसतं, बोल्टवर निघतं," असं म्हणणाऱ्यांनी व्ही-8 बसवलेल्या ई-टाइपचं बॉनेट उघडून आत बघावं. जॅग्वारचं एक्सके इंजिन लांब आणि अरुंद. पुढच्या सांगाड्याच्या नळ्या त्याच्याच मापानं दूर-जवळ ठेवलेल्या. व्ही-8 आखूड आणि रुंद. मग एक्झॉस्टला जागा हवी म्हणून नळीला खाच पडते, स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो म्हणून तो वळवला जातो, गिअरबॉक्स बसत नाही म्हणून आडभिंत आणि बोगदा कापून पुन्हा जोडले जातात. ती आडभिंत म्हणजे गाडीचा कणा. उद्या कुणी मूळ इंजिन शोधून आणलं तरी ते बसवायचं कशावर, हा प्रश्न उरतोच.

आणि ते इंजिन तरी कुठलं? दुसऱ्या महायुद्धात रात्री कारखान्याच्या छपरावर आगीचा पहारा देताना विल्यम लायन्स, विल्यम हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याची आखणी केली, 1948 मध्ये जे पहिल्यांदा लोकांसमोर आलं, ल मांच्या विजेत्या गाड्यांत जे होतं आणि 1990च्या दशकापर्यंत जे बनत राहिलं, ते. डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, शेजारी ओळीनं तीन एसयू कार्ब्युरेटर, 3.8 लिटर, 265 अश्वशक्ती. 1961च्या मार्चमध्ये जिनिव्हात ई-टाइप पहिल्यांदा दिसली तेव्हा इंग्लंडात तिच्या रोडस्टरची किंमत कर धरून 2,097 पौंड होती आणि अ‍ॅस्टन मार्टिनची डीबी4 जवळपास दुप्पट महाग होती. त्या किमतीत ताशी 150 मैलांचा दावा करणारी गाडी देणं या इंजिनामुळे शक्य झालं. ते काढलं की मागे सुंदर आकाराचा पत्रा राहतो, ई-टाइप राहत नाही.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात आवडता मुद्दा: "मूळ गाडी सदोषच होती. आम्ही सुधारणा केली." सदोष होती, हे अगदी खरं. 3.8 लिटरच्या गाडीतल्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरवर सिंक्रोमेश नव्हता. ब्रेक फार भरवशाचे नव्हते. मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून आत, डिफरन्शियलला खेटून बसवलेले. तिथं उष्णता कोंडायची आणि साधे पॅड बदलायचे तरी मिस्त्रीचा घाम निघायचा. वाहतुकीत अडकली की पाणी उकळायचं. सीट अवघडलेल्या. हे सगळं जॅग्वारलाही ठाऊक होतं, म्हणून 1964 मध्ये 4.2 लिटरची गाडी आली तेव्हा नवा गिअरबॉक्स, बऱ्या सीट आणि सुधारलेले ब्रेक देऊनच ती आली. म्हणजे ज्याला कमी त्रासाची ई-टाइप हवी आहे त्याच्यासाठी ती कारखान्यानंच बनवून ठेवली आहे. आधीच्या गाडीला ओढूनताणून नंतरची करायची गरज काय?

सुधारणेच्या नावाखाली काय होतं याचं एक उदाहरण या गाडीच्या तळातच आहे. अगदी सुरुवातीच्या ई-टाइपचा तळाचा पत्रा सपाट होता. उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे. वर्षभराच्या आत कारखान्यानं पाय ठेवायला खोलगट जागा केली. पुढे दुरुस्तीला आलेल्या कित्येक सपाट तळाच्या गाड्यांचे पत्रे कापून तिथं नवे खोलगट पत्रे वेल्ड केले गेले. करणाऱ्याला वाटलं, मालकाचं भलं केलं. आज त्याच सपाट तळाच्या गाड्या अभ्यासक आणि संग्राहक शोधत फिरतात. सुरुवातीच्या बॉनेटचंही तसंच. गरम हवा बाहेर जाण्याच्या फटी आधी वेगळ्या पत्र्यात दाबून तो तुकडा बॉनेटला वेल्ड केलेला असे. नंतर त्या थेट बॉनेटच्या पत्र्यातच दाबल्या जाऊ लागल्या. पहिल्या काही शे गाड्यांचं बॉनेट बाहेरून किल्ली घालून उघडावं लागे. त्यानंतर कुलपं आत गेली. जॅग्वारच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्यात माणसं महिन्या-महिन्याला काय शिकत होती, ते या खुणांवरून वाचता येतं. ताम्रपटावर लेखनिकाची चूक सापडली म्हणून आपण तो घासून नव्यानं कोरत नाही. त्या चुकीवरूनच इतिहासकाराला लेखनिकाचा काळ आणि गाव कळतं.

म्हणूनच 1968च्या गाडीला आधीचा चेहरा लावणं मला फुगवट्याइतकंच खटकतं, मग ते काम कितीही सफाईदार असो. दुसऱ्या मालिकेच्या ई-टाइपची हेडलाइट उघडी आहेत, पुढचं तोंड मोठं आहे, मागचे दिवे बंपरखाली गेले आहेत. ती कुरूप झाली असं पुष्कळ जण म्हणतात, आणि दिसायला पहिलीच सरस हे माझंही मत. पण हे बदल झाले ते अमेरिकेच्या नव्या सुरक्षा नियमांमुळे. ई-टाइपचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत होतं आणि कॉव्हेंट्रीतल्या कारखान्याला वॉशिंग्टनच्या कायद्यापुढे वाकावं लागलं. साठच्या दशकाच्या अखेरीस मोटारउद्योग कसा बदलला याचा हा पुरावा त्या गाडीच्या चेहऱ्यावर आहे. काचेचं झाकण चढवणारा तो पुसून टाकतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बहुधा सांगतही नाही.

"सत्तर हजारांवर गाड्या बनल्या, त्यातली एक कापली तर काय बिघडलं?" हा पुढचा मुद्दा. बनल्या साधारण 72,500. त्यातल्या किती गंजून भंगारात गेल्या याचा विचार ई-टाइपचे सिल एकदा तरी पाहिलेल्या माणसानं करावा. पण गणित बाजूला ठेवू. या मुद्द्याचं काय होतं ते फेरारीच्या 250 जीटीईनं दाखवून दिलं आहे. 1960 ते 1963 या काळात बनलेली चार आसनी फेरारी, संख्या साडेनऊशेच्या आसपास. अनेक वर्षं ती फेरारीतलं गरीब भावंड समजली जायची, स्वस्त मिळायची. म्हणून तिची शरीरं फेकून देऊन, तळ आखूड करून, तिच्या इंजिनावर 250 जीटीओच्या नकला उभ्या केल्या गेल्या. जीटीओ मुळात 36च बनल्या होत्या. तेव्हाही हेच म्हटलं जायचं की जीटीई पुष्कळ आहेत. आज अस्सल, न कापलेली जीटीई शोधावी लागते आणि नकला मात्र नकलाच राहिल्या आहेत. "पुष्कळ आहेत" हे कापणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या वेळी खरंच वाटत असतं.

शर्यतीचा दाखला देणारेही भेटतात. खुद्द जॅग्वारनं ई-टाइप बदलली नव्हती का? बदलली होती. 1963-64 मध्ये अ‍ॅल्युमिनिअमच्या शरीराच्या 12 हलक्या ई-टाइप कारखान्यानं बनवल्या. पण त्या बनवल्या, रस्त्यावरच्या गाड्या कापून केल्या नाहीत, आणि त्यामागे इंजिनिअर होते, शर्यतीचे नियम होते, वेळ मोजणारी घड्याळं होती. 18 क्रमांक ठरलेले असताना 12च झाल्या. उरलेल्या सहा क्रमांकांच्या गाड्या जॅग्वारनं 2014 पासून बनवल्या त्याही कोऱ्या पत्र्यातून. ज्यांना दाखला हवा आहे त्यांनी शर्यतपटू पीटर लिंडनरच्या गाडीचा घ्यावा. ऑक्टोबर 1964 मध्ये पॅरिसजवळच्या माँतलेरीला त्याच्या हलक्या ई-टाइपला अपघात झाला आणि लिंडनर गेला. गाडीचा चोळामोळा झाला. कित्येक दशकांनी इंग्लंडातल्या कारागिरांनी तो चुरगळलेला मूळ अ‍ॅल्युमिनिअमचा सांगाडा घेतला आणि शक्य तितका मूळ पत्रा राखत, तुकडा तुकडा सरळ करत तीच गाडी पुन्हा उभी केली. नवा पत्रा कापून बसवणं त्यांना कितीतरी सोपं गेलं असतं.

सगळ्यात अवघड प्रकरण इंग्लंडातल्या ईगल या कंपनीच्या गाड्यांचं, आणि ते टाळलं तर मी प्रामाणिकपणे वाद घालतोय असं म्हणता येणार नाही. त्यांची स्पीडस्टर ही आज रस्त्यावर धावणाऱ्या सर्वांत देखण्या गाड्यांपैकी एक आहे. काच ठेंगणी, शरीर नव्यानं घडवलेलं, काम असं की जोड दिसत नाही. इथं ना बेढब फुगवटे आहेत ना उसनं इंजिन. तरी माझा आक्षेप कायम आहे. स्पीडस्टरच्या पायाशी एक मूळ ई-टाइप असते, आणि ती नवी गाडी कितीही सुंदर झाली तरी जुनी तिच्यात संपलेली असते. इतकी कारागिरी हाताशी असणाऱ्यांनी ती संपूर्ण कोऱ्या गाडीत ओतावी, जुन्या गाडीच्या नंबरवर तिची ओळख टांगू नये. उत्तम हातांनी केलेली मोडतोड बघणाऱ्याला भुरळ घालते, म्हणून ती जास्त लोकांना धीर देते. कमी कसबी हातांच्या गॅरेजमध्ये मग तेच सुरू होतं.

विजेवर चालणाऱ्या ई-टाइपचं समर्थन पर्यावरणाच्या नावानं होतं. वर्षातून मोजक्या रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीनं हवेचं किती बरंवाईट केलं असेल? हवा वाचवायला नवी बॅटरी, नवी मोटर, नवी वायरिंग बनवायची आणि चालत असलेलं इंजिन कोपऱ्यात टाकायचं, यात निसर्गाचं काय भलं झालं ते मला दिसत नाही. इथं मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा आहे. जॅग्वार 2008 मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सनं घेतली. त्यांच्याच काळात, सप्टेंबर 2017 मध्ये, जॅग्वारनं लंडनमध्ये विजेवरची ई-टाइप झीरो दाखवली. पुढच्या मे महिन्यात विंडसरला राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल लग्नानंतर तिच्यातूनच निघाले आणि ती जगभर पोचली. तिचे फोटो पुढे करून आज वाटेल तसल्या फेरफारांचं समर्थन केलं जातं. पण त्या इंजिनिअरांनी काय केलं होतं ते बघा. बॅटरीचा संच एक्सके इंजिनाच्याच आकाराचा आणि जवळपास त्याच वजनाचा ठेवला, मोटर गिअरबॉक्सच्या जागी ठेवली, आणि मूळ इंजिन पुन्हा बसवता येईल अशी सोय राखली. म्हणजे तिला विजेवर चालवणाऱ्यांनीही सांगाड्याला हात लावायचं टाळलं. आणि जुन्या गाड्यांच्या क्लबांची जागतिक संघटना फीवा हिनं 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं की विजेवर नेलेली गाडी त्या अवस्थेत ऐतिहासिक वाहन धरता येणार नाही. बदल करायचाच असेल तर तो परत फिरवता येण्याजोगा असावा आणि काढलेले सुटे भाग जपून ठेवावेत.

माझी कसोटी हीच आहे, आणि ती सोवळ्याओवळ्याची नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाला, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली कुणाला दिसणारही नाही. रेडिएटरला चांगला पंखा लावा. मूळ माउंटिंगवर बोल्टनं बसणारा पाच गिअरचा बॉक्स मिळत असेल तर बसवा आणि जुना कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून फडताळात ठेवा. सीटबेल्ट जरूर लावा. गाडी चालवायलाच आहे. जिनिव्हात पत्रकारांना फिरवायला एक गाडी पुरेना, तेव्हा जॅग्वारचा चाचणीचालक नॉर्मन ड्युइस यानं कॉव्हेंट्रीहून रातोरात दुसरी ई-टाइप चालवत तिथवर नेली होती. मूळ रूप राखायचं म्हणजे गाडी काचेच्या पेटीत ठेवायची, असं आमच्या तोंडी घातलं जातं ते साफ खोटं आहे. ड्युइसची गाडी होती तशीच पळाली. पाना-पक्कड घेऊन केलेलं काम पाना-पक्कड घेऊन परत फिरवता येतं. गॅस कटरचं काम परत फिरत नाही.

"आपल्याकडे तर सगळेच इंजिनं बदलत आले," असं म्हणून हा विषय इथं गुंडाळला जातो. बदलत आले, पण ते का? पेट्रोल महाग, परदेशी सुटे भाग मिळेनात, आयातीवर बंधनं. म्हणून कुणी जीपमध्ये, कुणी अ‍ॅम्बॅसिडरमध्ये पुण्यात बनणाऱ्या मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं, तर कुणी जुन्या अमेरिकन गाडीत मिळेल ते डिझेल टाकून ती टॅक्सीला लावली. त्या मिस्त्रींनी गाड्या रस्त्यावर ठेवल्या, माणसांची पोटं चालवली. मी त्यांना दोष देणार नाही. ती गरज होती आणि त्या गाड्या तेव्हा वारसा नव्हत्या, रोजच्या होत्या. आज ज्याच्याकडे ई-टाइप आहे, किंवा परदेशात नोकरी-धंदा करून ज्यानं ती घेतली आहे, त्याला त्या टंचाईचा आधार घेता येत नाही. ई-टाइपचा जवळपास प्रत्येक भाग आज पुन्हा बनतो आणि घरपोच येतो.

आणि मालकीचा मुद्दा कायद्यात तरी तेवढा भक्कम आहे का? मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडकपणे वाचलं. जुलै 2021 मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असलेली, चासी, शरीर किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली, तिला नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात. म्हणजे आपल्या सरकारनंही गाडी जुनी असणं पुरेसं मानलं नाही, ती मूळची असणं मागितलं. मुंबई-पुण्याच्या मेळाव्यांत मात्र चकाकत्या रंगावर आणि क्रोमवर बक्षिसं जातात.

तिथल्या परीक्षकांकडे माझी मागणी साधी आहे. बॉनेट उलटून आडभिंत बघा. सिलच्या जोडावर बोट फिरवा. कागदावरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एकत्र वाचा. कापलेल्या गाडीला रांगेत उभं राहू द्या, तिच्या मालकाला जे काय सांगायचं ते सांगू द्या, पण करंडक देऊ नका. आणि ज्याच्या गॅरेजमध्ये एखादी कूपे टप कापण्यासाठी आखणी करून उभी असेल, त्यानं ती आहे तशी विकावी आणि आलेल्या पैशात भर घालून रोडस्टर घ्यावी. कारखान्यानं त्या हजारोंनी बनवल्या आहेत.